हाक येईपर्यंत हात मागे

द्वारकाताईंची आणि माझी पहिली ओळख लोणखेड्याच्या पिठाच्या गिरणीत झाली, आणि ती माझ्या दृष्टीने फारशी मानाची नव्हती. दळणाचा भरलेला डबा मी कमरेत वाकून, दोन्ही हात लांब करून, गिरणीच्या पायरीवरून खाली ओढत होते. तोंडाने गिरणीवाल्यापासून घरच्या मंडळींपर्यंत सगळ्यांचा उद्धार चालला होता. मागे एक बाई शांतपणे उभ्या होत्या. सुती साडी, आणि साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मुलींच्या शाळेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या या क्रीडाशिक्षिका त्या बुटांमुळे गावाला लांबूनच ओळखू येत.

"डब्बासंगे भांडन शे का तुन्हं?" त्यांनी विचारलं.

"नही ना, ताई."

"मंग त्याले इतलं लांब कसाले धरेल शे? जवय ले ना त्याले."

मी डबा जवळ ओढला. त्यांनी सांगितलं तसे पाय रुंद केले, कंबर मागे नेली, पाठ ताठ ठेवली आणि पायांनी जमीन रेटत उठले. तोवर माझ्याशी हुज्जत घालणारा तो डबा मुकाट्याने माझ्याबरोबर वर आला. ताई म्हणाल्या, "उद्या सकायले मन्हा घर ये." त्यांनी का बोलावलं, हे मी विचारलं नाही. शाळेत शिकवलेल्या बाईंनी बोलावलं की जायचं, हे अंगात इतकं मुरलेलं असतं, की त्यांनी मला कधीच शिकवलं नव्हतं हेही माझ्या लक्षात आलं नाही.

ताईंच्या अमृतमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात त्यांच्या शाळेतल्या कामाविषयी जाणती मंडळी लिहितीलच. मी कॉलेजच्या कार्यालयात काम करणारी बाई. माझा अधिकार एवढाच, की ताईंच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये भरणाऱ्या बायकांच्या वर्गाची मी सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी आहे. सगळ्यांत बोलकीही मीच, असं ताई सांगतात, आणि त्यात कौतुकाचा भाग किती हे मी अजून शोधते आहे.

त्या शेडमध्ये पूर्वी ट्रॅक्टरची ट्रॉली उभी असायची. ट्रॉली विकली गेली आणि ताईंनी जागा झाडून घेतली. आम्ही पहिल्या पाच-सहा जणी तिथे जमलो तेव्हा आमच्यापैकी कुणीही आयुष्यात व्यायाम म्हणून काही उचललं नव्हतं. मनात भीती मात्र भरपूर होती. वजन उचललं की बाईचे दंड पुरुषासारखे होतात, कंबर जाते, पोटातलं खाली सरकतं, असं प्रत्येकीला कुणी ना कुणी सांगून पाठवलं होतं. ताईंनी कुणाचीही टर उडवली नाही. जिला खरंच त्रास होता, जिचं ऑपरेशन झालेलं होतं, तिला त्या आधी डॉक्टरांकडे पाठवत आणि विचारून आल्याशिवाय शेडमध्ये घेत नसत. बाकीच्यांना म्हणत, दंड फुगतील त्या दिवशी मला सांगा, आपण पेढे वाटू. ते पेढे अजून कुणाच्या वाट्याला आलेले नाहीत.

माझी शंका वेगळी होती, आणि ती मी पहिल्याच दिवशी बोलून दाखवली. "ताई, घरमा दिवसभर उचलतसच ना आम्ही. आखो अठे ईसन कसाले उचलानं?"

"घरनं ओझं तुले इचारीसन वाढस का?" ताई म्हणाल्या. "एकदम डोकावर ईसन बठस. अठे जरासं जरासं वाढावसूत. आनि मधमा बठानं बी शे."

बसायचंही आहे, हे ऐकून निम्म्या बायका तिथल्या तिथे वर्गाच्या झाल्या. दोन खेपांच्या मध्ये निवांत बसून श्वास खाली येऊ द्यायचा, आणि तोही व्यायामाचाच भाग, हे आम्हांला कुणी कधी सांगितलंच नव्हतं. आमच्याकडे बाई बसली की कुणाला तरी पाणी हवं असतं.

मला वाटलं होतं, पहिल्या दिवशी लोखंड हातात मिळेल. मिळाली तुराटी. चुलीत घालायची तुरीची वाळकी काठी ताईंनी प्रत्येकीच्या पाठीला उभी लावली. डोकं, पाठ आणि माकडहाड तिला टेकलेलं ठेवून कमरेतून वाकायचं. पाठीचा बाक निघाला की काठी सुटते आणि ज्याचं त्याला कळतं, मास्तरणीने ओरडायची गरज नाही. बरेच दिवस आम्ही नुसती तुराटी घेऊन वाकत होतो. घरी यजमान विचारत, आज किती उचललं, आणि मी विषय बदलत असे. शेवटी मी कुरकुर केली तेव्हा ताई हसल्या. "लोखंड काही पयी जानार नही," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पाठीची काठी पुन्हा नीट लावली.

काठीनंतर वाळूची पोती आली, आणि या पोत्यांची हकीकत ग्रंथात नोंदवली गेलीच पाहिजे. आमच्यातली सिंधू ही एका मोठ्या शेतकरी घरातली थोरली सून. तिचा भाऊ नंदुरबारच्या मिरची बाजारात हमालीला. त्याने मोठ्या मनाने रिकामी पोती पाठवली. आम्ही गोमाई नदीतली वाळू त्यांत भरली. भरण्याआधी पोती नीट झटका, असं ताईंनीच सांगितलं, आणि आम्ही ती शेडच्या आत, दार लोटून, मनापासून झटकली. नंदुरबारची मिरची कशी असते हे या ग्रंथाच्या वाचकांना सांगायला नको. त्यावर कडी म्हणजे 'जवय ले' हा धडा आम्ही इतका पक्का केला होता, की शिंकत शिंकत का होईना, प्रत्येकीने आपलं पोतं छातीशी कवटाळलं. सगळ्यांत आधी कवटाळलं ते ताईंनी. थोड्या वेळाने मानेला, गालांना, हातांना अशी काही आग लागली, की सगळ्या जणी ओट्यावर बसून एकमेकींना दही फासत होतो. गल्लीतली शेजारीण विचारायला आली, की कुणाला हळद लागली का. ताईंच्या तोंडून 'लांब धरा' हे शब्द आम्ही आयुष्यात त्या एकाच दिवशी ऐकले.

पुढे त्यांचा मुलगा महेश याने सुरतेहून खरा बार आणि लोखंडी चकत्या आणल्या. महेश तिथे कापडाच्या पेढीवर नोकरी करतो. रेल्वेने नंदुरबारपर्यंत आणि तिथून रिक्षाने त्याने तो बोजा आणला, आणि रिक्षातून उतरताना स्वतःची कंबर धरून उतरला. मग आईने त्याला चकती कशी उचलावी हे दारातच शिकवलं. आईचं वेड त्याला पूर्ण समजलं होतं असं नाही, पण आईला हवं आहे ना, मग आणायचं, असा तो मुलगा आहे. पुढे जे घडलं त्यात त्याच्याविषयी कुणाचा गैरसमज होऊ नये म्हणून हे आधीच लिहून ठेवते.

ताईंच्या शेडमध्ये आरसा नाही आणि वजनकाटाही नाही. बारीक व्हायला आलेल्या एका बाईने काटा कुठे आहे असं विचारलं, तेव्हा ताईंनी चकत्यांकडे बोट दाखवलं. "अठे लोखंडनं वजन करतस. बाईनं नही." कोण जाड झाली, कोण सुकली, हा विषय त्या शेडमध्ये निघतच नाही. आमच्यासारख्या बायकांना, ज्यांचं लग्नाच्या आधीपासून कुणी ना कुणी डोळ्यांनी वजन करत आलं आहे, तेवढ्यानेच निम्मं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

आता त्या नियमाबद्दल, ज्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला. बार खाली ठेवलेला असतो आणि एक जण उचलत असते, तेव्हा बाकीच्यांनी हात मागे बांधून उभं राहायचं. तिने हाक मारल्याशिवाय कुणीही पुढे व्हायचं नाही. 'राहू दे, राहू दे' म्हणायचं नाही, चुकचुकायचं नाही. आपल्या बायकांना हे जमणं किती अवघड आहे याची कल्पना करा. कुणी भांडं उचललं तरी आपण चार हात पुढे करतो, आणि न करणारीला गर्विष्ठ म्हणतो. माझी पाळी आली तेव्हा बार गुडघ्यापाशी येऊन अडला. वर जाईना, खाली ठेवायला मन होईना. समोर सगळ्या जणी हात मागे बांधून, लग्नात रुसलेल्या व्याह्यांसारख्या उभ्या. मला इतका राग आला, की बार वर गेला.

मी खाली ठेवल्यावर ताई जवळ आल्या. "तू हाक मारती ते आम्ही उनूच व्हतूत," त्या म्हणाल्या. "पन तू मारी नही." मी हाक मारली नाही, हे त्यांनी सांगेपर्यंत मला कळलंही नव्हतं. त्या दिवशी घरी गेले आणि विनाकारण गॅसची टाकी जागेवरून हलवून ठेवली.

हा नियम ताईंच्या मनात कठोरपणामुळे आला, असं कुणाला वाटेल, म्हणून सिंधूच्या सासूबाईंची गोष्ट सांगते. सिंधूचं वर्गाला येणं त्यांना अजिबात मान्य नव्हतं. सून रडत ताईंकडे आली. ताई त्यांच्या घरी गेल्या, चहा घेतला, वाद एका शब्दानेही घातला नाही. उलट म्हणाल्या, तुमची काळजी बरोबर आहे, सुनेवर लक्ष ठेवायला तुम्हीच रोज येत जा. सासूबाई दुसऱ्या दिवशी हजर. "मी ते नुसती दखाले उनू," असं सगळ्यांना बजावून खुर्चीवर बसल्या. ताई म्हणाल्या, "दखा ना. पन उठताना हात टेकू नका." एवढंच. बघायला आलेल्या त्या सासूबाई महिनाभरात खुर्चीवरून बिनहाताने उठबस करायला लागल्या, आणि आता सिंधू घरच्या कामात अडकली तर तिला ओरडून वर्गाला घेऊन येतात. ताईंनी त्यांच्यापुढे कधी हात केला नाही, पण त्यांच्या खुर्चीमागे कित्येक दिवस कोण उभं असायचं, हे आम्ही पाहिलं आहे. हात मागे बांधलेला माणूस आपल्याला सोडून गेलेला नसतो, हे मी तिथे शिकले.

गेल्या वर्षी ताई अंगणात पडल्या. केळीच्या ओल्या सालपटांचा ढीग गल्लीतल्या गाईला टाकायला निघाल्या होत्या, पाय घसरला. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, आत सळई बसवली. आम्ही दवाखान्यात रडवेल्या होऊन उभ्या, आणि ताई खाटेवरून म्हणतात, "इतला वरीस हातमा लोखंड धरं, आते आंगमा लिसन फिरसू." हसावं की रडावं कळेना. आम्ही दोन्ही केलं.

पण घरी आल्यावरची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. यजमान गेल्यापासून ताई त्या घरात एकट्या राहतात. पडल्या तेव्हा बराच वेळ त्या तशाच अंगणात होत्या, दूधवाला आला म्हणून कळलं. महेशने सुट्टी काढली, आईची सेवा केली, आणि मग एके दिवशी आमच्यादेखत बोलला. "आई, आते सुरतले चाल. परत पडनी ते तुले उचलाले अठे कोन शे?"

त्याचं काय चुकलं होतं? कुठल्याही मुलाने हेच म्हटलं असतं. पण सुरतेला जाणं म्हणजे वरच्या मजल्यावरचं घर आणि खिडकी. शेड बंद, वर्ग बंद. ताईंना हे घर सोडायचं नव्हतं, आणि ते त्या तोंडाने सांगत नव्हत्या, म्हणून आम्हांला जास्त कळत होतं. मग म्हणाल्या, "आनि मन्ही मी उठनू ते?"

महेश म्हणाला, "तू जमीनवरथीन एकली उठी दाखाड. मंग मी काहीच बोलनार नही."

डॉक्टरांनी परवानगी दिली, फिजिओथेरपीच्या बाईंनी क्रम आखून दिला, आणि ताई आपल्याच शेडमध्ये नवशिकी म्हणून दाखल झाल्या. त्यांनी शिकवायला मला निवडलं. का, असं विचारलं तर म्हणाल्या, तू लाजून गप्प बसणार नाहीस. पहिल्या दिवशी मी त्यांच्या हातात तुराटी दिली. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जिल्हा स्पर्धेत हरून आलेल्या मुलींकडे त्या कशा पाहत असतील ते मला कळलं.

खरं सांगायचं तर ताई या फार वाईट विद्यार्थिनी आहेत. त्यांना घाई असते. खुर्चीवरून उठणं जमायला लागलं की लगेच बारकडे बघतात. मध्ये बसा म्हटलं तर बसत नाहीत. चकतीला लांबून हात घालताना मी त्यांना पकडलं आणि विचारलं, "ताई, चकतीसंगे भांडन शे का तुमनं?"

"तू भलती कडक शे व," त्या म्हणाल्या. "कोनी शिकाडं तुले इतलं?"

पण हसण्याच्या आड काळजी होतीच. जमिनीवरून उठणं जमत नव्हतं. कुशीवर वळणं, कोपरावर येणं, तळहातावर भार घेणं, गुडघ्यांवर येणं, इथवर सगळं यायचं. एक पाय पुढे टाकून वर उठायची वेळ आली की तो खुबा साथ सोडायचा. मग त्या हाक मारत आणि आम्ही धरत असू. प्रत्येक हाकेबरोबर सुरत जरा जवळ येत होती. एकदा त्या भिंतीकडे तोंड करून म्हणाल्या, "पोऱ्यानं बरोबर शे बहुतेक." मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. घरी येऊन मात्र मी खूप रडले. ताईंशिवायचं लोणखेडं मला नको होतं, आणि ते त्यांना सांगून त्यांच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवायचं नव्हतं.

महेश सुरतेहून पुन्हा आला त्या सकाळी शेडमध्ये सगळ्या जमल्या होत्या. सिंधूच्या सासूबाई आपली खुर्ची घेऊन पुढे बसलेल्या. ताईंनी सतरंजीवर अंग टाकलं. आईला जमिनीवर आडवी पाहताच महेश पुढे झाला.

"महेशदादा, हात मांगे," सिंधू म्हणाली.

त्याने आईकडे पाहिलं. ताईंनी मानेनेच होकार दिला. मग त्या धिप्पाड माणसाने शाळेतल्या पोरासारखे हात पाठीमागे बांधले.

ताई कुशीवर वळल्या. कोपर, तळहात, गुडघे. एक पाय पुढे टाकला, आणि तिथेच थांबल्या. मांडी थरथरत होती. पाय फार पुढे पडला होता, ते मला दिसत होतं, आणि माझ्यासारख्या बाईला त्या क्षणी तोंड मिटून राहणं किती जड गेलं ते माझं मला ठाऊक. त्यांनी एकदा आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. त्या हाक मारतील असं वाटलं. मारली असती तर आम्ही धावलोच असतो. त्यांनी पायाकडे पाहिलं, श्वास घेतला, आणि तो पाय हळूच ओढून जवळ घेतला. मग जमीन रेटली आणि उभ्या राहिल्या.

महेशचे डोळे वाहत होते आणि ते पुसायला त्याने हात सोडले नव्हते. ताई धापा टाकत म्हणाल्या, "आते सोड हात. आनि चहा ठेव." त्याने चहा ठेवला, साखर दुप्पट घातली, आणि सुरतेचं नाव त्यानंतर काढलं ते फक्त परतीच्या गाडीसाठी.

गौरव समितीने सोहळ्यात ताईंची गूळतुला करायचं ठरवलं होतं. निरोप घेऊन मीच गेले, आणि माझी जी काही शोभा झाली ती मी समितीला कळवलेली आहे. तराजूत बसायला त्यांनी साफ नकार दिला. "मन्हं वजन करू नका," त्या म्हणाल्या. "मी जितला गूय उचलसू, तितला गावले वाटा." तेव्हा समितीने तसं ठरवलं आहे. व्यासपीठावर गुळाची ढेप खाली ठेवलेली असेल, आणि ताई ती उचलतील. त्या रोज सराव करत आहेत. मध्ये बसत नाहीत, याची तक्रार मी इथे लेखी करून ठेवते.

म्हणून सोहळ्याला येणाऱ्या सर्वांना ताईंच्या वर्गातर्फे नम्र विनंती. व्यासपीठाच्या पायऱ्यांना कठडा नाही. ताई चढू लागल्या की आपला हात आपोआप पुढे होईल. त्या ढेपेपाशी वाकल्या की 'राहू द्या, ताई' असं ओठांवर येईल. तेवढं आवरा. प्रेम आवरू नका, ते हातात धरून मागे उभे राहा. ताईंना भरपूर आणि निरोगी आयुष्य लाभो, ही इच्छा आम्ही सगळ्या जणी करतोच. पण आम्हांला हवं ते आयुष्य नेमकं कसं, तेही सांगते. ताईंनी शंभरी गाठावी, त्या सकाळी सतरंजीवरून उठायला घ्यावं, आम्ही काठ्या टेकत आलेल्या म्हाताऱ्यांनी हात मागे बांधून वाट पाहावी, आणि त्यांनी हाक मारली तर ती चहासाठी असावी.